एक डाव आईसोबत

पाऊस सुरू झाला की आमच्या गावात संध्याकाळी हमखास लाइट जाते. गेल्या जूनमध्ये अशीच गेली. मी काड्यापेटी चाचपडत होते आणि आतल्या खोलीतून ‘खण्ण, धाड’ असे आवाज येतच होते. चिरंजीव खेळत होते!

मामाने दिलेलं ते निन्टेंडो स्विच. शाळेच्या पाटीपेक्षा लहान, बॅटरीवर तीन-चार तास चालणारं. बारावीला मनासारखे मार्क पडले नाहीत, तेव्हापासून तो आणि त्याची ती पाटी. ‘जेवायला ये’ म्हटलं की ‘पाच मिनिटं गं!’ आणि त्या पाच मिनिटांचा अर्धा तास.

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना ठणकावून सांगायची, ‘सरळ हातातून काढून घ्या.’ घरीही तेच केलं. दोन दिवस अबोला, बाकी काही नाही.

त्या अंधारात दुसरं काम नव्हतं. शेजारी जाऊन बसले, म्हटलं, ‘मला तरी दाखव काय आहे ते.’ त्याने आधी संशयाने पाहिलं. मग पाटी टेबलावर उभी केली, दोन्ही बाजूंची बटणांची दांडकी काढली आणि एक माझ्या हातात दिलं.

खेळाचं नाव ‘डायब्लो ३’. २०१२ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये स्विचवर. न्यू ट्रिस्ट्रम नावाचं गाव, जवळच्या जुन्या प्रार्थनामंदिरावर आकाशातून तारा कोसळलेला आणि कबरीतली मढी उठून चालू लागलेली. आपण तळघरात उतरायचं, एकेक मजला खाली. सात प्रकारचे योद्धे आहेत आणि प्रत्येकात बाईही आहे, हे मला आवडलं. मी रानटी योद्धी घेतली. अंगापिंडाने थेट कोल्हापूरच्या तालमीतली!

राक्षस मेला की काहीतरी पडतं. कधी साधी पांढरी वस्तू, कधी निळी, कधी पिवळी, क्वचित केशरी. ती सगळ्यात भारी. नको असलेलं गावातल्या लोहाराकडे द्यायचं, तो मोडून कच्चा माल काढतो आणि त्यातून नवीन घडवतो. बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेलं घेण्यातला आनंद मला ठाऊक आहे, त्यामुळे हे लगेच कळलं.

आणि ‘पाच मिनिटं’ही कळली. पुढच्या वळणावर काय मिळेल याचा नेम नसतो. भिशीची चिठ्ठी उघडताना जीव कसा टांगणीला लागतो? इथे ती दर मिनिटाला उघडते. अर्ध्यात उठवलं की पोरगं चिडणारच.

इतक्यात तो राक्षसांच्या गराड्यात पडला. ‘आई, माझ्याजवळ उभी राहा, बटण दाबून धर!’ मी धरलं. तो उठला. पुढे मी चार वेळा पडले, चारही वेळा त्याने उठवलं. तिथेच, पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘आई, मला पुन्हा परीक्षेला बसायची भीती वाटते.’

महिनाभर मी समोर बसवून विचारत होते, तेव्हा हे बाहेर आलं नव्हतं. मी म्हटलं, ‘बरं. आधी हा मजला संपवू, मग बोलू.’ लाइट आली तरी आम्ही बोलत होतो.

मैत्रिणींनो, खेळ चांगलाच असतो असं मी म्हणत नाही. या खेळात रक्तपात आहे आणि अमेरिकेत त्यावर ‘१७ वर्षांपुढील’ असा शिक्का आहे. माझा मुलगा अठराचा आहे, म्हणून चाललं. धाकट्यांना देऊ नका. स्विचवर रोजच्या वेळेची मर्यादा आपल्या मोबाइलवरून घालता येते, ती घाला. खेळापायी झोप, अभ्यास, माणसं सगळंच सुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे.

पण त्याआधी एकदा शेजारी बसा. ‘बंद कर’ऐवजी ‘हा मजला झाला की ऊठ’ म्हणून बघा. आमच्याकडे आता ताटं वेळेवर वाढली जातात. परीक्षेचं अजून ठरलेलं नाही, पण बोलणं सुरू आहे.

बैठकीत मात्र मी आता ‘काढून घ्या’ म्हणत नाही. ‘आधी मागून घ्या,’ म्हणते, ‘एक डाव आपल्यासाठी.’