धागा कापला, आता काय होईल?

मानेतील आणि छातीच्या अगदी वरच्या मणक्यांमधून निघणाऱ्या पाच मज्जामुळांपासून हाताचे मज्जातंतू तयार होतात. पाच मुळांची तीन खोडे, त्यांचे सहा फाटे, फाट्यांचे तीन दोर आणि शेवटी पाच मुख्य शाखा. ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ नावाचे हे जाळे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी घोकून पाठ करतात आणि परीक्षा संपताच बरेचसे विसरतात.

त्याऐवजी त्यांच्या हाती पाच रंगांची लोकर आणि एक सांगाडा दिला तर? जाळे स्वतः विणताना कोणता धागा कुठे मिळतो, कोणत्या हाडाला वळसा घालतो, हे बोटांनाच कळते. परीक्षाही त्यावरच घेता येते. शिक्षकाने एक धागा कापायचा आणि विचारायचे, ‘आता या रुग्णाला काय जमणार नाही?’ रेडियल मज्जातंतू दंडात तुटला, तर मनगट वर उचलता येत नाही, पंजा लोंबतो. नुसते नाव ओळखण्याच्या ‘स्पॉटर’ परीक्षेत ही समज तपासली जातेच असे नाही.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. दुचाकीच्या अपघातात मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, तर हेच जाळे ताणले जाते, कधी तुटते. इजा नेमकी कुठे आहे, याचा पहिला अंदाज डॉक्टर हाताच्या हालचाली आणि संवेदना तपासूनच बांधतात.

ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत शिष्याला छेद घेण्याचा सराव दुधी, काकडी अशा फळांवर, शिवण्याचा सराव जाड कापडावर आणि पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या प्रतिकृतीवर करायला सांगितले आहे. फ्रान्समध्ये मृतदेहांची टंचाई असताना डॉ. लुई ओझू यांनी कागदाच्या लगद्यापासून सुटे करून पुन्हा जोडता येणारे मानवी शरीर घडवले. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने २०१४मध्ये थ्रीडी छपाईने बनवलेला शरीररचनेचा संच जाहीर केला.

मात्र प्रतिकृतीला मर्यादा आहेत. खऱ्या ऊतींचा स्पर्श आणि माणसागणिक बदलणारी रचना लोकरीत सापडत नाही. त्यासाठी शवविच्छेदन हवे आणि त्यासाठी देहदान करणारे हवेत. लोकरीचे जाळे विणून आलेला विद्यार्थी त्या दानाचा अधिक चांगला उपयोग करील, हे मात्र नक्की.