गाडी का अडखळते?

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मोटार पुढे झेपावली पाहिजे. पण कधी कधी असे होते की पाय खाली जातो, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकते, एखादा झटका देते आणि मग वेग घेते. गॅरेजमध्ये याला ‘गाडीला पिकअप नाही’ किंवा ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीत हा अनुभव अनेकांना येतो, कारण तिच्यात कोणता भाग कधी बदलला, याची नोंद बहुधा नव्या मालकाच्या हाती आलेली नसते.

समजा, अशी एक जुनी गाडी तुमच्या घरी आली आहे. उभी असताना तिचे इंजिन छान चालते. गावात हळू चालवली तरी तक्रार नाही. पण कुंडलहून पलूसकडे निघालात आणि पुढची वाहने ओलांडायची वेळ आली, की ती अडखळते. आता काय करायचे? प्लग बदलायचा, पंप बदलायचा, की गाडीच विकून टाकायची? थांबा. पाना हातात घेण्याआधी थोडा विचार करू. या विचाराला लागणारे बहुतेक पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

दोन सेकंदांची किंमत

प्रथम हे पाहू, की हा दोष किती गंभीर आहे. उसाच्या हंगामात आपल्या भागातील रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सतत दिसतात. असा एक ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर, चालला आहे. तुमची गाडी त्याच वेगाने त्याच्या मागे आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी आणि पुढेमागे सोडायचे अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ४० मीटर जास्त जायचे आहे. गाडीचे त्वरण १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर अंतर = ½ × त्वरण × वेळेचा वर्ग या सूत्राने सुमारे ७.३ सेकंद लागतील.

आता गाडी सुरुवातीलाच दोन सेकंद अडखळली असे धरा. तेवढ्या वेळात समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन ३३ मीटर जवळ येते आणि तुम्ही स्वतः ट्रॅक्टरबरोबर ११ मीटर पुढे गेलेले असता. म्हणजे तुमच्या अंदाजातून तब्बल ४४ मीटर रस्ता नाहीसा झाला! म्हणून दोष सापडेपर्यंत अशा गाडीने दुसरे वाहन ओलांडू नये. घरातल्या मोठ्यांना हे गणित जरूर करून दाखवा.

इंजिनाला हवे तरी काय?

पेट्रोल इंजिनाच्या मागण्या तीनच आहेत: योग्य प्रमाणात हवा, योग्य प्रमाणात इंधन आणि योग्य क्षणी जोरदार ठिणगी. दट्ट्याने मिश्रण नीट दाबलेही पाहिजे. पण एरवी सुरळीत चालणारे इंजिन फक्त वेग घेताना अडखळत असेल, तर शोध या तीन मागण्यांपासून सुरू करावा.

एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम, म्हणजे त्याला ११ किलोग्रॅमच्या आसपास हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. हिशेब केला तर एका लिटरला ९ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर हवा लागते! एवढी हवा एअर फिल्टरच्या कागदी घड्यांतून गाळून आत जाते. आपल्याकडच्या रस्त्यावरची धूळ आठवा, म्हणजे तो फिल्टर किती लवकर भरत असेल हे लक्षात येईल.

आणि हे सारे घडायला वेळ किती? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा हवा भरणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे हे चक्र पुरे होते. एका चक्राला एका सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो.

उभी असताना ठीक, मग पळताना का नाही?

हाच आपल्या कोड्याचा गाभा आहे. एक सोपे उदाहरण घ्या. बॅटरीतला जुना सेल व्होल्टमीटरला लावला तर जवळजवळ दीड व्होल्ट दाखवतो. बल्ब लावताच मात्र प्रकाश मंद पडतो. सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, पण प्रवाह वाहू लागेपर्यंत तो उघड होत नाही. दोष आधीपासूनच असतो; भार पडल्यावर तो प्रकट होतो.

पाण्याचेही तसेच. पंप म्हणजे काय हे कुंडलच्या मुलांना सांगायला नको. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेत कारखाना उभारला. त्याची किर्लोस्करवाडी झाली आणि पुढे तिथले पंप सर्वदूर गेले. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पाला अडकला तर काय होते? एका नळाला पाणी येते. सगळे नळ सोडले की धार बारीक होते. प्रवाह जितका जास्त, तितका अडथळ्यापाशी दाब जास्त घटतो. गाडीतला पेट्रोल फिल्टर तुंबला की अगदी हेच घडते. इंजेक्टरला साधारणपणे हवेच्या दाबाच्या तिप्पट ते चौपट दाबाने पेट्रोल मिळावे लागते. गाडी उभी असताना मागणी थोडी, म्हणून दाब टिकतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागणी एकदम वाढते, दाब उतरतो आणि इंजिन उपाशी राहते. पेट्रोल पुरवणारा पंप थकला असेल तरी लक्षण तेच दिसते.

ठिणगीची गोष्ट अधिक मजेदार आहे. इग्निशन कॉइल १२ व्होल्टपासून २० ते ३० हजार व्होल्ट तयार करते. प्लगच्या टोकांमधली फट सुमारे एक मिलिमीटरची. हवा जितकी दाट, तितके ती फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते, सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि दाबलेल्या मिश्रणाचा दाब पूर्वीच्या दुपटी-तिपटीने वाढतो. ठिणगीचे काम अवघड होते ते नेमके याच वेळी. प्लग झिजून फट रुंदावली असेल किंवा कॉइलच्या रबरी टोपीला बारीक चीर असेल, तर वीज फट ओलांडण्याऐवजी सोपी वाट धरून इंजिनाच्या धातूत निघून जाते. त्या चक्रात मिश्रण पेटतच नाही. यालाच मेकॅनिक ‘मिसिंग’ म्हणतात.

ओल्या नळीची अडचण

दोष नसलेल्या इंजिनातही वेग घेण्याचा क्षण नाजूक असतो. झडप जवळजवळ मिटलेली असताना आतल्या हवेच्या नळीत दाब कमी असतो आणि कमी दाबात पेट्रोल चटकन वाफ होते. झडप अचानक उघडली की दाब वाढतो, वाफ होणे मंदावते आणि पेट्रोलचा काही भाग नळीच्या भिंतीला चिकटून राहतो. हवा तर लगेच आत धावते. परिणामी क्षणभर मिश्रणात पेट्रोल कमी पडते.

जुन्या कार्बुरेटरमध्ये यावर उपाय होता. पायाबरोबर दाबला जाणारा एक छोटा पंप पेट्रोलची जादा पिचकारी मारत असे. आताच्या गाडीत हे काम संगणक करतो. झडप किती उघडली आणि नळीत हवा किती आली हे संवेदक कळवतात. त्यावरून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला जातो. हवा मोजणाऱ्या संवेदकावर धूळ बसली, तर संगणकाला खोटी बातमी मिळते. नळीला चीर पडून न मोजलेली हवा आत शिरली, तरी हिशेब चुकतो.

इथेनॉलचा दोष किती?

आज हा प्रश्न हमखास विचारला जातो. उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. देशात २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल, तर एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. मायलेज थोडे घटते ते यामुळे. ही तूट संगणक जास्त इंधन सोडून भरून काढतो. म्हणून निरोगी गाडी केवळ एवढ्याने अडखळू नये.

मात्र इंजेक्टर आधीच तुंबलेला असेल, तर जास्त इंधन सोडायला वाव राहत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीतला जुना मळ सोडवून फिल्टरकडे पाठवते आणि जुन्या गाड्यांमधील काही रबरी भागांना ते मानवत नाही. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत या गोष्टी आधी तपासाव्यात.

शोध कसा घ्यावा?

पहिला प्रश्न: अडखळताना इंजिनाचा आवाज चढतो का? आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका. बहुधा क्लच घसरतो आहे. आवाजही चढत नसेल, तर हवा, इंधन आणि ठिणगी यांकडे वळा.

दुसरा प्रश्न: हे केव्हा घडते? थंड इंजिन असताना, की तापल्यावर? चढावर, की सपाटीवरही? पावसानंतर जास्त होते का? ओलाव्यात वाढणारी मिसिंग विजेच्या गळतीकडे बोट दाखवते. चढावर भरपूर वेळ टिकणारी अशक्तता इंधनाच्या तुटवड्याकडे. आठ दिवस वहीत तारीख, वेळ आणि लक्षण लिहून ठेवा.

त्यानंतर स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी: एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल फिल्टर, नळ्यांच्या चिरा. मग मेकॅनिककडून इंधनाचा दाब मोजून घ्यावा. साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्कॅनर जोडता येतो आणि संगणकाने टिपलेले सांकेतिक क्रमांक वाचता येतात. पण क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ हा क्रमांक मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच सांगतो. कारण फिल्टर, पंप, चिरलेली नळी किंवा मळलेला संवेदक यांपैकी काहीही असू शकते. इंजिनाचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर गाडी पुढे दामटू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील उत्प्रेरकात जाऊन तिथे जळते आणि तो महागडा भाग निकामी होतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर पुन्हा पाहा. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तीन भागांचे पैसे वाया जातात. प्रयोगशाळेत आपण हाच नियम पाळतो. चालू इंजिनाला आणि प्लगच्या तारांना मात्र तुम्ही हात लावायचा नाही. ते काम मेकॅनिकचे.

करून पाहा

सरबताच्या दोन सारख्या नळ्या घ्या. एकीच्या मधोमध कापसाचा छोटा बोळा बसवा. दोन्हींतून प्रथम हळू आणि मग जोराने फुंकर मारा. (हवा आत ओढू नका.) हळू फुंकताना दोन्हींत फरक फारसा जाणवतो का? जोराने फुंकताना गालांवर ताण कुठे जास्त येतो? आता बोळा थोडा मोठा करा आणि निरीक्षणे वहीत लिहा. नंतर घरच्या किंवा शेजारच्या गाडीचा एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे विचारून पाहा. उत्तर चटकन मिळाले नाही, तर तपासणी कोठून सुरू करायची हे तुम्हाला कळलेच आहे.