टेकडीवरून खोऱ्यात
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यशिक्षणाचा मागोवा

सॅन फ्रान्सिस्कोत 1864 साली ह्यू टोलंड नावाच्या शल्यविशारदाने पदरचे पैसे घालून एक वैद्यकीय महाविद्यालय काढलं. सोन्याच्या ओढीने पश्चिमेकडे निघालेल्या लोंढ्याबरोबर ते 1852 मध्ये साउथ कॅरोलिनातून आले होते. खाणीने त्यांना फारसं काही दिलं नाही. शस्त्रक्रियेने मात्र नाव आणि पैसा दोन्ही दिले. महाविद्यालयासाठी त्यांनी जागा निवडली ती शहराच्या सार्वजनिक रुग्णालयासमोरची. विद्यार्थ्यांना रोगी पाहायला मिळायला हवेत, आणि ते मिळणार कुठे, तर जिथे गोरगरीब येतात तिथे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय यांची जोडी 1845 पासून याच हिशेबावर उभी होती. टोलंड यांनी 1873 साली आपलं महाविद्यालय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हवाली केलं. विद्यापीठ तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं.

आज या सरकारी विद्यापीठाचे दहा कॅम्पस आहेत आणि त्यांतल्या सहा ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन आणि रिव्हरसाइड. दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, डेव्हिसचं पशुवैद्यक हे सगळं धरलं तर आरोग्यशाखांच्या सुमारे वीस संस्था होतात. आपलं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झालं. ते संलग्न महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदव्या देतं. रुग्णालय चालवायचं ते महाविद्यालयाने आणि शासनाने. कॅलिफोर्नियात विद्यापीठ स्वतःच शिकवतं, स्वतःच संशोधन करतं आणि स्वतःची रुग्णालयंही चालवतं.

या इतिहासाकडे नोबेल पारितोषिकांच्या अंगाने पाहण्याची रीत आहे, आणि ती यादी खरोखर मोठी आहे. तरी मला यातला मुख्य धागा सरकारी रुग्णालयांचाच वाटतो. हे विद्यापीठ जेव्हा जेव्हा गरिबांच्या रुग्णालयाला जाऊन भिडलं, तेव्हा तेव्हा त्याच्या विद्येला धार आली. आणि जिथे जायला त्याने उशीर केला, तिथली माणसं आजही डॉक्टरांची वाट पाहतात.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. 1876 साली ल्युसी वॅन्झर इथून डॉक्टर झाल्या. या वैद्यक विभागाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. प्राध्यापकांचा त्यांना विरोध होता. विद्यापीठाची दारं स्त्रियांना खुली असल्यामुळे तो टिकला नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या, पण त्या स्त्रियांसाठीच्या स्वतंत्र महाविद्यालयातून. वॅन्झरबाई पुरुषांच्या वर्गात बसून शिकल्या होत्या.

1895 मध्ये शहराचे महापौर अ‍ॅडॉल्फ सुट्रो यांनी आपल्या मालकीची 13 एकर जमीन दिली आणि पार्नासस टेकडीवर इमारती उभ्या राहिल्या. 18 एप्रिल 1906 रोजी भूकंपाने आणि मागोमाग लागलेल्या आगीने शहर उद्ध्वस्त झालं. टेकडीजवळच्या गोल्डन गेट पार्कमध्ये बेघरांचे तंबू पडले, जखमींवर तिथेच उपचार झाले. शहरात खाटांची गरज एवढी होती, की टेकडीवरच्या इमारतीत 1907 मध्ये रुग्णालय सुरू झालं आणि शरीररचना, शरीरक्रिया असे पायाभूत विषय खाडीपलीकडे बर्कलेला गेले. ते परत आले 1958 मध्ये. अर्धं शतक विद्यार्थी एका गावात शरीर शिकत होते आणि दुसऱ्या गावात रोगी पाहत होते.

मधल्या काळात कार्ल मेयर या पशुवैद्य संशोधकाने इथल्या हूपर प्रतिष्ठानात मोठं काम केलं. मुंबईला 1896 मध्ये ग्रासणारी प्लेगची साथ 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली होती. मेयर रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमधला प्लेग तपासत राहिले. डबाबंद ऑलिव्हमधून विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा ते डबे किती तापवायचे याचं शास्त्र घालून देण्यात त्यांचा वाटा होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने कारखान्याच्या भट्टीपर्यंत जावं, याचा हा उत्तम नमुना.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाची लोकसंख्या झपाट्याने वाढली. लॉस एंजेलिसमधलं महाविद्यालय 1951 मध्ये 28 विद्यार्थ्यांवर सुरू झालं. त्याचे पहिले अधिष्ठाता स्टॅफर्ड वॉरन अणुबॉम्ब प्रकल्पाच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख होते. पुढे 1960 च्या राज्यव्यापी बृहत् आराखड्याने सार्वजनिक क्षेत्रातलं वैद्यकीय शिक्षण फक्त याच विद्यापीठाकडे सोपवलं. या निर्णयाने दर्जा सांभाळला गेला हे खरं. पण त्यामुळे राज्यात सरकारी डॉक्टर कुठे घडणार, हे एकाच संस्थेच्या वेगावर अवलंबून राहिलं.

मग आलं 1968. सॅन दिएगो आणि डेव्हिस इथे त्या वर्षी पहिल्या तुकड्या बसल्या, आणि अर्व्हाइनलाही त्याच वर्षी महाविद्यालय आलं. अर्व्हाइनची कथा वेगळी आहे. ते मुळात ऑस्टिओपॅथीचं महाविद्यालय. 1960 च्या दशकाच्या आरंभी राज्यातल्या ऑस्टिओपॅथी आणि एम.डी. या दोन वैद्यक परंपरांचं विलीनीकरण झालं आणि सुमारे 2,000 ऑस्टिओपॅथ डॉक्टरांनी 65 डॉलर शुल्क भरून एम.डी. पदवी घेतली. नवे ऑस्टिओपॅथ नोंदवणं राज्याने थांबवलं. न्यायालयाने 1974 मध्ये ते पुन्हा सुरू करायला लावलं. होमिओपॅथी डॉक्टरांच्या एक वर्षाच्या फार्माकॉलॉजी अभ्यासक्रमावरून आपल्याकडे जो वाद होतो, त्यात भाग घेणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे प्रकरण मुळातून अभ्यासावं. परवाना एका सहीने बदलता येतो. दोन परंपरांमधला अविश्वास तेवढ्याने मिटत नाही.

या तिन्ही नव्या महाविद्यालयांपुढे पहिला प्रश्न होता तो रुग्णालयाचा. तिघांनीही उत्तर एकच शोधलं: जिल्ह्याचं म्हणजे काउंटीचं रुग्णालय घ्यायचं. सॅन दिएगोत 1966 पासून विद्यापीठ काउंटीचं रुग्णालय चालवू लागलं, ऑरेंज काउंटीचं 1976 मध्ये अर्व्हाइनकडे आलं, सॅक्रामेंटोचं त्याच दशकात डेव्हिसकडे. या रुग्णालयांचा तोटा, गर्दी, पैसे नसलेले रोगी हे सगळं विद्यापीठाच्या ताळेबंदात आलं. हा धाडसी निर्णय होता आणि तो योग्य होता, असं माझं ठाम मत आहे.

डेव्हिसचं नाव मात्र जगाला कळलं ते प्रवेशामुळे. तिथे 100 जागांपैकी 16 वंचित अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. अ‍ॅलन बाकी या गोऱ्या अभियंत्याला 1973 आणि 1974 मध्ये प्रवेश नाकारला गेला, तो न्यायालयात गेला. 28 जून 1978 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठराविक जागा राखणं रद्द केलं, वंशाचा विचार अनेक निकषांपैकी एक म्हणून करायला परवानगी दिली आणि अ‍ॅलन बाकीला प्रवेश द्यायला लावला. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सार्वमताने ती मुभाही सरकारी संस्थांपुरती काढून घेतली. विद्यापीठाने मग दुसरी वाट धरली. 2004 मध्ये अर्व्हाइनने लॅटिनो वस्तीत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी खास प्रशिक्षण सुरू केलं, इतर कॅम्पसनी ग्रामीण भाग आणि शहरी गरीब वस्त्या यांच्यासाठी आपापले उपक्रम काढले. डेव्हिसने अर्जदाराच्या घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण अशा गोष्टींवरून त्याची सामाजिक-आर्थिक अडचण मोजायला सुरुवात केली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार देशभर बंद केला, तेव्हा पुढे काय करायचं हे पाहायला देश वळला तो डेव्हिसकडेच. जिथे राखीव जागा मोडल्या, तिथेच त्यांना पर्याय तयार झाला होता. आपल्याकडे आरक्षणाला संविधानाचा आधार आहे आणि जातीचा प्रश्न केवळ मिळकतीत मावत नाही, म्हणून डेव्हिसची मोजपट्टी जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण वर्गात कोण बसतं यावर गावाला डॉक्टर मिळणार की नाही हे ठरतं, एवढं डेव्हिसला कळलं होतं.

आता संशोधनाकडे वळू. 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसचे हर्बर्ट बॉयर आणि स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन यांनी एका जीवाचा जनुक जिवाणूत घालून वाढवून दाखवला. बॉयर यांनी 1976 मध्ये जेनेन्टेक ही कंपनी काढायला हात दिला, 1978 मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन मिळालं, 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी मधुमेह्यांना डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर अवलंबून राहावं लागे. मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी कर्करोगाची जनुकं मुळात आपल्याच निरोगी पेशींतली असतात हे सिद्ध केलं (नोबेल 1989). स्टॅनली प्रुसिनर यांनी केवळ प्रथिनामुळेही रोग पसरतो हे मांडलं, वर्षानुवर्षं टीका सोसली आणि 1997 मध्ये नोबेल मिळवलं. डेव्हिड जुलियस यांनी मिरची जिभेला का झोंबते याचा शोध घेता घेता उष्णतेची जाणीव करून देणारा ग्राहक शोधला (नोबेल 2021).

या वैभवाला डाग आहेत आणि ते लपवू नयेत. लॉस एंजेलिसमध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या जॉन मूर यांच्या प्लीहेतल्या पेशींपासून डॉक्टरांनी त्यांना न सांगता पेशीवंश तयार केला आणि त्याचं पेटंट घेतलं. 1990 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पेशींवर मूर यांची मालकी मान्य केली नाही, पण डॉक्टरने आपला संशोधनातला आणि पैशातला स्वार्थ रोग्याला आधी सांगितलाच पाहिजे असं बजावलं. 1960 आणि 70 च्या दशकांत व्हॅकाव्हिलच्या तुरुंगातल्या सुमारे 2,600 कैद्यांवर सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसच्या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रयोग केले. त्याबद्दल कॅम्पसने 2022 मध्ये माफी मागितली. गरिबांच्या जवळ जाणं पुरेसं नसतं, त्यांच्यापुढे उत्तरदायीही राहावं लागतं. हे विद्यापीठ ते फार उशिरा शिकलं.

आणि तरीही, या दीडशे वर्षांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम एका सरकारी रुग्णालयातच झालं. 5 जून 1981 रोजी लॉस एंजेलिस कॅम्पसच्या मायकेल गॉटलिब यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच तरुणांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली. एड्सची ती पहिली वैद्यकीय नोंद. सॅन फ्रान्सिस्कोत शहराच्या मालकीच्या जनरल हॉस्पिटलमध्ये विद्यापीठाचेच डॉक्टर काम करत. तिथे 1983 च्या जानेवारीत एड्सचा बाह्यरुग्ण विभाग आणि जुलैत स्वतंत्र वॉर्ड, 5बी, उघडला. देशातला तो पहिला. क्लिफ मॉरिसन या परिचारकाने तो उभा केला आणि तिथे काम करायला परिचारिका स्वेच्छेने आल्या. रोग कसा पसरतो याची लोकांना धास्ती होती, रोग्याच्या खोलीत जायला माणसं कचरत होती. या वॉर्डात परिचारिका रोग्याच्या उशाशी बसत, त्याचा हात हातात घेत, आणि त्याने ज्याला आपलं मानलं त्याला त्याचं कुटुंब मानत. औषध नव्हतं, जवळजवळ सगळे रोगी मरणारच होते. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसच्या प्रयोगशाळेत संशोधक जे लेव्ही एड्सचा विषाणू वेगळा करत होते. वॉर्ड, प्रयोगशाळा आणि वस्तीतल्या स्वयंसेवी संस्था यांनी मिळून जी पद्धत बसवली, ती पुढे जगाने उचलली. नोबेलच्या यादीत ही परिचर्या येत नाही, पण विद्यापीठाने सरकारी रुग्णालयात का असावं, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरं माहीत नाही.

उशीर झाला तो समुद्रापासून दूरच्या भागात. जुनी मोठी केंद्रं बहुतेक किनारपट्टीच्या शहरांत. सॅन होआकिन खोऱ्यात देशाची फळफळावळ पिकते, शेतमजूर बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे, आणि डॉक्टर कमी. तिथे फ्रेस्नोला 1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची एक शाखा सुरू झाली, पण स्वतंत्र महाविद्यालय झालं नाही. रिव्हरसाइडला स्वतःचं महाविद्यालय मिळायला 2013 साल उजाडलं. त्याआधी 2011 मध्ये राज्याच्या निधीची खात्री नसल्यामुळे मान्यता नाकारली गेली होती. पहिल्या तुकडीत 50 विद्यार्थी होते, आणि शिक्षणानंतर रिव्हरसाइडच्याच भागात पाच वर्षं काम करीन असं लिहून देणाऱ्यांना शिष्यवृत्ती ठेवली गेली. 2023 मध्ये मर्सेडला सॅन होआकिन खोऱ्यातल्याच 15 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली, पदवीपासून एम.डी.पर्यंतचं शिक्षण त्यांना सॅन फ्रान्सिस्को, फ्रेस्नो आणि मर्सेड ही केंद्रं मिळून देणार आहेत. टोलंड यांच्या महाविद्यालयापासून इथवर यायला 159 वर्षं लागली.

9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलडाणा, जालना, भंडारा ही त्यांतली काही नावं. एवढ्या आतल्या भागात महाविद्यालय न्यायचा निर्णय कॅलिफोर्नियाला जमला नव्हता, आणि त्याचं श्रेय आपण आपल्याला द्यायला हरकत नाही. मात्र तिथल्या 1970 च्या दशकाचा धडा असा, की जिल्हा रुग्णालयावर महाविद्यालयाची पाटी लागल्यावरच खरा खर्च सुरू होतो. शिकवणारी माणसं तिथे राहायला यावी लागतात, प्रयोगशाळा चालू ठेवावी लागते, परिचारिकांच्या जागा भराव्या लागतात. या जिल्ह्यांत राहणाऱ्या वाचकांना विनंती आहे: आपल्या महाविद्यालयात अध्यापकांची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, जिल्ह्यातली किती मुलं तिथे शिकतात आणि पहिल्या तुकडीतले किती डॉक्टर जिल्ह्यातच थांबले, हे दरवर्षी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.