ताशी ३ मिली

पोशीरला झोडणीच्या दिवसांत भारा उचलताना चुलत्यांना लाल विंचू चावला. तासाभरात अंग घामानं निथळलं, हातपाय गार पडले. दवाखान्यात पोचल्यावर प्राझोसिनची गोळी लगेच मिळाली. विंचवावरचा हा उपाय आपल्याच रायगडातला, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तो १९८०च्या दशकात रुजवला. त्याआधी ते शिरेतून नायट्रोप्रुसाइड देऊन पाहत होते. त्या ठिबकीपाशी रक्तदाब मोजत बसून राहावं लागे.

पण चुलत्यांचं हृदय थकलं होतं, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी डोब्युटामिन लिहिलं. ते शिरेतूनच, आणि मोजून.

सलाईन लावली की नातेवाइकांपैकी कुणीतरी चाकी फिरवून ती ‘जरा फास्ट’ करतोच. मीही केलंय. इथं ते भोवलं असतं. सिस्टरनी कागदावर हिशेब मांडला. वजन ५० किलो, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला १५ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये २५० मिलिग्रॅम औषध ५० मिलीत. म्हणजे ताशी ३ मिली. बारीक थेंबाच्या सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली. हेच औषध बाटलीतून सोडलं असतं तर मिनिटाला अवघे ३ थेंब. हात वाकवला की ते थांबणार, बाटली उंच टांगली की धावणार.

म्हणून सिरिंज पंप. सिरिंज आडवी बसवलेली, मागून यंत्र दट्ट्या रेटतं. कितीही टक लावा, हलताना दिसत नाही. एका सिस्टरनं आकडा टाकला, दुसरीनं पडद्यावरून मोठ्यानं वाचला, "तीन पॉइंट शून्य." टिंब चुकलं असतं तर पंपानं तीसही तितक्याच इमानानं दिले असते.

थोड्या वेळानं पंप ओरडू लागला. चुलत्यांनी कोपर दुमडलं होतं, नळी दबली होती. मला वाटलं, हात सरळ केला की झालं. सिस्टरनी आधी नळी सुईपाशी बंद केली, साठलेला दाब बाहेर सोडला, मगच पुन्हा चालू केलं. "नाहीतर अडकलेलं सगळं एकदम आत जातं, दादा."

मग लाइट गेली. पंप बॅटरीवर चालत राहिला. सिस्टरनी मोबाइलच्या उजेडात सिरिंजवर पेनानं रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली. तासानं येऊन पाहिलं. दट्ट्या रेघेपासून बरोबर ३ मिली पुढे गेला होता.