‘हरित’ शब्दाचा ताळेबंद

अलीकडे ‘हरित’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. सिमेंटच्या गोणीवर ते छापलेले असते, वातानुकूलन यंत्राच्या जाहिरातीत असते, म्युच्युअल फंडाच्या नावात असते आणि आता ते बँकेच्या मुदत ठेवीच्या फॉर्मवरही आले आहे. व्यापारी माणूस भाव मान्य करण्यापूर्वी मालाचे वजन आणि प्रत पाहतो. या शब्दाचे वजन कोणत्या काट्यावर करायचे, हे मात्र फार थोडे जण विचारतात. वरवर पाहता हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे; पण आता तो कुटुंबाच्या ठेवींचा आणि पेढीच्या कर्जाचाही झाला आहे.

बँकिंगपुरता हा काटा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिला आहे. ११ एप्रिल २०२३ रोजी तिने हरित ठेवींविषयीची नियमावली प्रसृत केली आणि ती १ जून २०२३ पासून अमलात आली. अशा ठेवीतून जमलेला पैसा कोणत्या कामांना द्यायचा, याची यादी तीत आहे. सौर, पवन, जैवभार आणि जलविद्युत हे ऊर्जास्रोत, विजेची बचत करणाऱ्या सुधारणा, विजेवर चालणारी वाहने व त्यांची चार्जिंग केंद्रे, पाणी आणि कचरा यांचे व्यवस्थापन, प्रदूषण नियंत्रण, हरित इमारती, जैवविविधतेचे रक्षण अशी ती यादी आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. खरी मौज पुढच्या, म्हणजे वगळलेल्या कामांच्या यादीत आहे. कर्जाच्या करारातही मोठ्या अक्षरांतील मंजुरीपेक्षा बारीक अक्षरांतील अटीच अधिक बोलक्या असतात, हे बँकेत वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

या वगळलेल्या यादीत कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे उत्खनन, उत्पादन व वितरण आहे, त्यातील सुधारणासुद्धा आहेत. ज्या प्रकल्पाचा मुख्य ऊर्जास्रोत जीवाश्म इंधन आहे, तोही बाद. अणुवीज बाद. कचरा थेट जाळणे बाद. मद्य, शस्त्रास्त्रे, तंबाखू, जुगारवजा खेळ आणि पामतेल हे उद्योगही बाद. (श्रावकाचारातील पंधरा कर्मादाने ज्यांना पाठ आहेत, त्यांना कोणत्या धंद्यात पैसा घालू नये याची यादी करण्याची ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. त्या जुन्या यादीत कोळसे पाडण्याचा अंगारकर्मही आहे आणि तळी-सरोवरे आटवण्याचे कर्मही आहे.) आणि शेवटी एक ओळ अशी आहे की २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प हरित ठेवींच्या पैशाला पात्र नाहीत.

ही ओळ वाचली की महाराष्ट्रातील माणसाच्या मनात प्रथम कोयना येते. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. तेथे कोळशाचा एक कणही जळत नाही, धुराडे नाही. तरीही या मोजपट्टीवर तसा प्रकल्प हरित ठरत नाही. मोठ्या धरणांविषयी जगभर जे आक्षेप घेतले जातात, ते कोयनेला तंतोतंत लागू पडतात. शिवसागर जलाशयात खोऱ्यातील गावे, शेती आणि जंगल बुडाले. प्रकल्पग्रस्त पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडत राहिले. शिवाय जलाशयात बुडालेल्या वनस्पती कुजतात, तेव्हा मिथेन वायू सुटतो. म्हणजे विजेच्या बाजूला जमा आहे, पण खर्चाची बाजू कोरी नाही.

तारापूरचेही तसेच. १९६९ साली देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र तेथे सुरू झाले. अणुवीज तयार होताना कार्बन वायू बाहेर पडत नाही. पण किरणोत्सारी कचरा पुढील अनेक पिढ्यांना सांभाळावा लागतो. याउलट साखर कारखान्यातील सहवीजनिर्मिती पाहा. तेथे उसाचे चिपाड चक्क जाळले जाते, चिमणीतून धूर आणि राख निघते. तरी जैवभार म्हणून ते यादीत बसते. कारण उघड आहे. चिपाडातून सुटलेला कार्बन त्या उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो पुन्हा घेते. कोळशातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून होता. तो एकदा वर आला की परत जात नाही. तर्क बरोबर आहे. फक्त त्या उसाने किती पाणी प्यायले, ही नोंद या हिशोबाच्या वहीत कोठेच होत नाही, आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांना ती नोंद महत्त्वाची वाटल्यास नवल नाही.

बरे, काटा तरी एकच आहे काय? तसेही नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५ मेगावॉटवरील जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. त्यामुळे तोच मोठा जलविद्युत प्रकल्प ऊर्जा खात्याच्या दृष्टीने नवीकरणीय आहे आणि हरित ठेवीच्या दृष्टीने अपात्र. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित रोखे विक्रीस काढले. त्यांच्या चौकटीतही मोठी जलविद्युत आणि अणुवीज वगळलेली आहे. दुसरीकडे युरोपीय संघाने २०२२ साली बराच वाद होऊन अणुवीज आणि नैसर्गिक वायू या दोहोंना, अटी घालून का होईना, आपल्या हरित यादीत घेतले. फ्रान्सची भिस्त अणुवर, जर्मनीची वायूवर. आणि ऑस्ट्रियाने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. व्याख्येमागे विज्ञान असते तसे प्रत्येकाचे हितही असते.

या फरकाने आकडे किती बदलतात, ते पाहण्यासारखे आहे. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी ५० टक्के क्षमता आता जीवाश्मेतर स्रोतांची झाली, असे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले. घोषणा खरी आहे. मात्र त्या ५० टक्क्यांत सुमारे १० टक्के मोठी जलविद्युत आणि जवळजवळ २ टक्के अणुवीज धरलेली आहे. हरित ठेवीची मोजपट्टी लावली, तर हाच आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास येतो.

त्यातही हा आकडा क्षमतेचा आहे, प्रत्यक्ष विजेचा नव्हे. कॅश क्रेडिटची मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल यांत जो फरक, तोच येथे आहे. एक किलोवॉटचे यंत्र पूर्ण क्षमतेने दिवसरात्र चालले, तर २४ युनिट वीज देईल. छतावरचा एक किलोवॉटचा सौर संच आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत, पावसाळा आहे. म्हणून क्षमता निम्मी असली तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश वीज अजूनही जीवाश्म इंधनांवरचीच आहे. दुकानाच्या मालवाहतुकीसाठी घेतलेला विजेवरचा टेम्पो हरित यादीत बसतो. पण तो रात्री गोदामात चार्ज होतो, तेव्हा बहुतांशी कोळसाच जळत असतो. तरीही तो घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. शहरातील धूर त्याने निश्चित कमी होतो आणि गोदामाच्या छतावर सौर संच असून टेम्पो दिवसा चार्ज केला, तर हिशोब आणखी सुधारतो.

आता ठेवीदाराच्या बाजूने पाहू. काही बँकांनी हरित ठेवीवर नेहमीच्या ठेवीपेक्षा किंचित कमी व्याज देऊ केले. १० लाखांच्या ठेवीवर ०.१० टक्का कमी म्हणजे वर्षाला १००० रुपये कमी. एखाद्या कुटुंबाने ही रक्कम आनंदाने सोडावी, तिला माझा आक्षेप नाही. पण तिच्या मोबदल्यात काय मिळते, हे कळले पाहिजे. बँकेतील हरित ठेवीला ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नेहमीप्रमाणेच आहे आणि ठरलेले व्याज बँकेला द्यावेच लागते. पैसा योग्य प्रकल्प मिळेपर्यंत एक वर्षाच्या आतील रोख्यांत ठेवता येतो. तो हरित कामात गेला नाही, तर २०२३ च्या नियमावलीत बँकेला ठरावीक दंड सांगितलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतच ते तपासले जाते. ठेवीदाराच्या हातात राहते ते एकच साधन: माहिती. संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण संकेतस्थळावर ठेवणे, पैशाच्या वापराची दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी करून घेणे आणि वार्षिक अहवालात तो वापर दाखवणे बँकेवर बंधनकारक आहे. २०२४-२५ पासून परिणामांचे मूल्यमापनही सक्तीचे झाले. शाखेत गेल्यावर व्याजदराबरोबर हा अहवालही मागावा. काउंटरवरच्या मुलाला तो ठाऊक नसेल, तर त्याच्यावर रागावू नये. त्याने वरिष्ठांकडे चौकशी केली, तरी पुष्कळ झाले.

कर्जदाराच्या बाजूचे गणित अधिक सोपे आहे. गोदामाच्या छतावरील सौर संच, जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी, वीज कमी खाणारी यंत्रणा, विजेवरची वाहने ही कामे यादीत बसतात. डिझेल जनरेटर काढून वायूवर चालणारा बसवला, तर धूर कमी होईल, खर्चही कदाचित वाचेल. पण मुख्य इंधन जीवाश्मच राहते, म्हणून तो बसत नाही. सौर संच घेताना मात्र विक्रेत्याला किलोवॉटचा भाव विचारून थांबू नये. वर्षाला किती युनिट मिळतील ते लेखी घ्यावे. साधारण २५ वर्षांनी पॅनेल निकामी होतील, तेव्हा त्यांचे काय, हेही विचारावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झालेला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची. ही नियमावली अनुसूचित वाणिज्य बँका, लघु वित्त बँका आणि ठेवी स्वीकारणाऱ्या वित्त व गृहवित्त कंपन्या यांच्यासाठी आहे. ज्या नागरी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत आपल्या ठेवी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तेथे कोणी ‘हरित’ नावाची योजना पुढे केली, तर ती कोणत्या यादीनुसार आहे आणि तिची पडताळणी कोण करणार, ही दोन उत्तरे फॉर्मवर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावीत.