मुलांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विकार आणि त्याचें निदान

हृदयाचा विकार म्हटला कीं तो उतारवयाच्या माणसांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लहान मूल जिना चढतांना मध्येंच थांबलें, तर त्याला दमा असेल, अशक्तपणा असेल, किंवा तें आळशी असेल, असें घरांत ठरविलें जातें. पुष्कळदां हा तर्क खराही निघतो. परंतु क्वचित् प्रसंगीं त्या थांबण्याचें कारण फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांत असतें. आणि तें वेळीं ओळखलें गेलें नाहीं, तर जो दोष एका शस्त्रक्रियेनें दूर झाला असता, तो पुढें शस्त्रक्रियेच्या आटोक्यांत राहत नाहीं. म्हणून या विकाराची परीक्षा कशी होते, हें आईबापांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

प्रथम शरीरांतील व्यवस्था पाहूं. हृदयाच्या डाव्या जवनिकेनें शुद्ध रक्त सर्व शरीरास पुरवावयाचें, आणि उजवीनें अशुद्ध रक्त शेजारच्या फुप्फुसांकडे धाडावयाचें, अशी कामाची वांटणी आहे. डावीचा पल्ला लांबचा, म्हणून तिची भिंत जाड. उजवीचा जवळचा, म्हणून तिची पातळ. प्रौढ माणसाच्या महाधमनींत सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटर असतो, तर फुप्फुसांच्या धमनींत तो १४ च्या आसपास असतो. गर्भांत फुप्फुसें श्वासाचें काम करीत नसल्यामुळें त्यांतील वाहिन्या आकुंचित असतात. जन्मानंतर पहिल्या श्वासाबरोबर त्या उघडूं लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत दाब प्रौढांइतका खालीं येतो. तीन महिन्यांच्या वयानंतरही हा सरासरी दाब २० मिलिमीटरपेक्षां अधिक राहिल्यास फुप्फुसांतील रक्तदाब वाढला असें वैद्यक मानतें. पातळ भिंतीच्या उजव्या जवनिकेस हा भार फार काळ सोसवत नाहीं.

मुलांमध्यें या विकाराचें एक मोठें कारण म्हणजे हृदयांतील जन्मजात छिद्र. दोन जवनिकांमधील पडद्यास मोठें छिद्र असल्यास डावीकडील रक्त जोरानें उजवीकडे शिरतें आणि फुप्फुसांवर रक्ताचा लोट येतो. दीड-दोन महिन्यांचें मूल अंगावर पितांना दमतें, त्याच्या कपाळास घाम येतो, वजन वाढत नाहीं, न्युमोनिया वारंवार होतो. डॉक्टरांस छातींत हृदयाचा जादा आवाज स्पष्ट ऐकूं येतो. हें सर्व चिंतेचें खरें. परंतु या अवस्थेंत छिद्र बुजवितां येतें.

यापुढें जें घडतें तें मात्र फसवें आहे. रक्ताच्या सततच्या माऱ्यानें बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, त्यांची पोकळी अरुंद होते आणि फुप्फुसांकडे जाणारा लोट आपोआप कमी होतो. मूल पूर्वीसारखें धापा टाकीत नाहीं, घाम थांबतो, वजन थोडें वाढतें, छातींतील आवाजही मंदावतो. घरांतील माणसें देवाचे आभार मानतात आणि दवाखान्याची पुढची तारीख चुकवितात. वस्तुतः हें बरें होणें नव्हे. उपायाची मुदत संपत आल्याची ती खूण होय. आणखी कांहीं वर्षांनीं उजवीकडील दाब वरचढ होतो, अशुद्ध रक्त उलट शरीरांत शिरूं लागतें, आणि ओंठ व नखें निळीं पडतात. अशा वेळीं छिद्र बुजविल्यास उजव्या जवनिकेस रक्त बाहेर टाकण्याची वाटच उरत नाहीं. शस्त्रक्रियेनें लाभ होण्याऐवजीं प्राणावर बेततें. व्हिएन्नाचे डॉ. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनीं १८९७ सालीं असा एक रोगी वर्णिला, आणि लंडनचे डॉ. पॉल वुड यांनीं १९५८ सालीं या अवस्थेचें सविस्तर विवेचन करून तिला आयझेनमेंगर यांचेंच नांव रूढ केलें. मोठें छिद्र पहिल्या वर्षांतच बुजवावें, या मतामागें हेंच कारण आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत वाहिन्यांतील हा बदल अधिक लवकर होतो.

इतरही कारणें आहेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचीं दुबळीं फुप्फुसें, संधिवाताच्या ज्वरानें अरुंद झालेली हृदयाची डावी झडप, वाढलेल्या टॉन्सिल-ॲडिनॉइडमुळें रात्रीं कोंडणारा श्वास, हीं त्यांपैकीं कांहीं. कित्येकदां कोणतेंच कारण सांपडत नाहीं. तर कांहीं कुळांत तो आनुवंशिक असतो, आणि त्याशीं संबंध असलेलें एक जनुक २००० सालीं सांपडलें.

लालबाग-गिरगांवच्या चाळींत राहणाऱ्या कुटुंबांस एक परीक्षा घरबसल्या करतां येते. पूर्वीं तीन जिने सहज चढणारें मूल आतां दुसऱ्या मजल्यावर बसकण मारूं लागलें, तर तें लक्षांत ठेवावें. धांवतां-खेळतांना शुद्ध हरपणें हें त्याहून गंभीर लक्षण आहे. पुष्कळदां त्यास फेंफरें समजून भलताच उपचार होतो. दम्याच्या औषधानें ज्याची धाप हटत नाहीं, त्याचेंही हृदय तपासून घ्यावें.

डॉक्टर प्रथम हृदयाचे ठोके ऐकतात. दोन ठोक्यांपैकीं दुसरा नेहमींपेक्षां ठळक वाजत असेल, तर संशय बळावतो. मग बोटास लावावयाच्या लहान यंत्रानें उजव्या हातांतील व पायांतील प्राणवायूचें प्रमाण पाहतात; हातांत तें पुरेसें आणि पायांत कमी आढळल्यास, जन्मानंतर बंद व्हावयाची एक वाहिनी उघडी राहून तिच्यांतून अशुद्ध रक्त खालच्या अंगास जात असावें, असा तर्क निघतो. कार्डिओग्रामवरून उजव्या जवनिकेवरील ताण समजतो, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत फुगलेली फुप्फुसधमनी दिसते.

यानंतर इको, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी. तींत सुई नाहीं, वेदना नाहीं. छिद्र तर दिसतेंच. शिवाय उजव्या झडपेंतून मागें गळणाऱ्या रक्ताची गति मोजतां येते. ती सेकंदास ३ मीटर असल्यास तिचा वर्ग ९. त्यास ४ नें गुणिलें असतां ३६. यांत उजव्या कर्णिकेंतील दाब मिळविला कीं आकुंचनाच्या वेळच्या दाबाचा अंदाज मिलिमीटरांत मिळतो.

तरीही हा अंदाजच. निश्चित निर्णयासाठीं जांघेंतील शिरेवाटे बारीक नळी हृदयांत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. त्याच वेळीं प्राणवायु व नायट्रिक ऑक्साइड हुंगवून दाब उतरतो कीं नाहीं तें पाहतात. उतरला तर वाहिन्यांत अद्याप लवचिकपणा आहे. न उतरल्यास शस्त्रक्रियेचा विचार फार जपून करावा लागतो. या तपासणींत धोका थोडा असतोच, म्हणून ती अनुभवी रुग्णालयांतच व्हावी. जर्मनींतील वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरानें १९२९ सालीं स्वतःच्या दंडाच्या शिरेंतून अशी नळी हृदयापर्यंत नेली. कूर्नां व रिचर्ड्स यांनीं अमेरिकेंत ही रीति पुढें नेली, आणि १९५६ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, त्याच १९२९ सालीं परळ येथें बाई जेरबाई वाडिया मुलांचें रुग्णालय सुरू झालें. शेजारचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचें.

सिल्डेनाफिल, बोसेंटन यांसारख्या औषधांनीं आज दाब कांहींसा आवरतां येतो आणि मुलाचे दिवस सुखाचे होतात. परंतु तीं गेलेली संधि परत आणीत नाहींत. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि जन्मजात हृदयदोष तिच्या यादींत आहेत. तरी पहिली नजर आईबापांचीच असते. ज्या मुलाच्या हृदयांत छिद्र असल्याचें एकदां सांगितलें गेलें आहे, त्याचे सर्व कागद जपून ठेवावे, आणि मूल कितीही टवटवीत दिसलें तरी तपासणीची तारीख चुकवूं नये. छिद्र खरोखर बुजलें आहे कीं वाहिन्या कठीण होत आहेत, याचा निवाडा चेहऱ्यावरून होत नाहीं. त्याला तपासणीच लागते.