प्रलयाची तारीख आणि पायाखालची जमीन

पालघर जिल्ह्यात ग्रहांवर बोलायचं तर सुरुवात जमिनीपासून करावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. अशा वेळी मनात एकच प्रश्न असतो: मोठा कधी येणार? भूकंपशास्त्र त्याची तारीख देऊ शकत नाही. भविष्य सांगणारे मात्र देतात. ही तारीख येते कुठून, ते आज आपण पाहू.

गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे १२ वर्षांची, शनीची साडेएकोणतीस. त्यामुळे दर २० वर्षांनी दोघं आकाशात जवळ येतात: १९६१, १९८१, २०००, २०२०. अशा तीन भेटींत ६० वर्षं जातात आणि दोघं जवळपास त्याच जागी परततात. म्हणजे काय, तर भाकितासाठी योग कधीच कमी पडत नाही.

१९६१ ची भेट मकर राशीतली. पुढच्या फेब्रुवारीत रवी, चंद्र, मंगळ, बुध, शुक्र आणि केतूही मकरेत आले. हीच ती अष्टग्रही. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले. ५ फेब्रुवारी १९६२ उजाडली आणि मावळली. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, इथे तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली!

मग श्रद्धा मोडली का? नाही. ‘यज्ञांमुळे संकट टळलं’ असं म्हटलं की भाकीत शाबूत राहतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनशी युद्ध झालं, तर ‘फळ थोडं उशिरा मिळालं’ असंही म्हणता येतं. २०२० मध्ये गुरू-शनी पुन्हा मकरेत भेटले, तेव्हा करोना होताच.

याच चक्रातून कुणी प्रलय काढतो, तर कुणी सत्ययुग. पण पुराणांचाच हिशेब बघा. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. परंपरेनुसार ते इ.स.पू. ३१०२ मध्ये सुरू झालं. म्हणजे जेमतेम ५,१०० वर्षं सरली आहेत. ‘कलियुग आता संपतंय’ म्हणणारा परंपरेचंही ऐकत नाही.

आणि ग्रहांची ओढ? शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी त्याचा भरती-ओहोटीवरचा परिणाम चंद्राच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकाही नसतो.

भीती खरी आहे, तिला हसू नये. मात्र ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते. सांगितलेली तारीख टळली की माणूस निर्धास्त होतो, आणि तडा गेलेली भिंत तशीच राहते. धक्का पंचांग पाहून येत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर आपण एवढं करू: डोक्यावर पडेल असं जड सामान खाली उतरवू, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवू आणि मुलांना ती एकदा चालून दाखवू. त्याला मुहूर्त लागत नाही.